दोन किट जोडून दोन टप्प्यांचं पाण्याचं रॉकेट: औशातल्या कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४

दोन्ही किट आज हातात पडली. पहिलं १४५० रुपयांचं, त्यात बागेच्या पाइपला असतं तसं क्विक कनेक्टर, बाटलीच्या तोंडावर आटा देऊन बसणारं ९ मिमी भोकाचं नोझल, फोमचे पंख आणि मऊ नाक. दुसरं २१०० चं, ते मोठ्या भोकाचं, म्हणजे बाटलीचं अख्खं तोंडच नोझल, साधारण २२ मिमी. खाली अर्धा इंची पाइप, भोवती केबल टायचं कडं आणि त्यावर रिंग, दोरी ओढली की रिंग खाली येते अन् बाटली सुटते. यात पॅराशूट आणि चावीचा छोटा टायमर पण आहे. दोन्हीत बाटलीत थोडं पाणी अन् पंपानं भरलेली हवा, तोंड सुटलं की हवा पाणी खाली फेकते आणि बाटली वर जाते. दोन टप्पे म्हणजे एकावर एक दोन रॉकेट, खालचं संपलं की वरचं त्याच्यापासून सुटून पुढं जातं. त्याची सोय मात्र एकातही नाही.

पुतण्या नववीत आहे, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्याला शाळेत दोन टप्प्यांचं रॉकेट दाखवायचंय. माझं ड्रिप आणि पाइप फिटिंगचं दुकान, त्यामुळं सामान हाताशी आहे. ज्यांना असंच करायचंय त्यांच्या कामी यावं म्हणून जे घडलं ते तसंच लिहून ठेवायलोय.

बारुदीचं का नाही हे आधीच सांगतो. अमेरिकेत मिळणाऱ्या छोट्या किटमध्ये खाली सी६-० आणि वर सी६-५ अशा मोटरी बसवतात. सी म्हणजे ताकदीचा गट, ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन रेटा, शेवटचा आकडा म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट फेकायला किती सेकंद थांबायचं. खालच्या मोटरीत तो शून्य, म्हणजे मधे काही अडसरच नाही, मसाला संपला की जाळ सरळ वरच्या मोटरीच्या तोंडात घुसतो आणि ती पेटते. लई सोपं आहे ते. पण ती मोटर म्हणजे शेवटी स्फोटकच, १८८४ चा स्फोटक कायदा आहे, नागपूरच्या पेसोचं, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं लायसन लागतं, आणि घरी बारूद कुटायचा विचार तर कुणी मनातसुद्धा आणू नये, बोटं जातात. म्हणून पाणी आणि हवा. पाण्यात तो जाळ नाही, त्यामुळं वरचा टप्पा नेमक्या वेळी सोडायचं काम आपल्यालाच बनवावं लागतं, आणि सगळं काम त्या एका जोडावर अडकलेलं असतं.

१ डिसेंबर

आधी दोन्ही किट वेगवेगळी उडवली. सोयाबीन निघालेलं रान, सकाळी वारा पडलेला. ५० मीटरवर उभं राहून कोनमापकाला दोरा अन् नट बांधून कोन मोजला. छोटं किट १.२५ लिटरच्या बाटलीवर ६० पीएसआयला (पीएसआय म्हणजे पंपाच्या काट्यावरचं प्रेशरचं माप) साधारण ४० अंश, म्हणजे ४२-४३ मीटर. मोठं किट २.२५ लिटरच्या बाटलीवर तेवढ्याच प्रेशरला ४५ अंश, म्हणजे ५० च्या वर.

बाटल्या फक्त सोड्याच्या, म्हणजे गॅसवाल्या थंड पेयाच्याच घ्या. साध्या पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, ती प्रेशर धरत नाही. पाणी बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. आणि पहिल्यांदा प्रेशर द्यायचं ते बाटली पाण्यानं गच्च भरूनच, कारण हवा दाबली जाते आणि फुटली की तुकडे उडवते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं फुटली तरी नुसती फट्ट होते अन् पाणी सांडतं. आमच्या सगळ्या बाटल्या अशा १०० पीएसआयला तपासल्यात, उडवताना ७० च्या वर जायचं नाही असं ठरवलंय. ड्रिपवाल्यांच्या भाषेत ७० म्हणजे पाच किलोच्या आत, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढा दाब.

८ डिसेंबर

पहिल्यांदा फक्त वजन आणि तोल बघायला दोन बाटल्या एकावर एक टेपनं बांधल्या, खाली पण छोट्या किटचंच ९ मिमीचं नोझल लावलं, कारण ते लाँचर वापरायला सोपं. वर ३५० मिली पाणी, खाली ७५० मिली, सगळं मिळून दीड किलोच्या आसपास.

नाही चाललं. सुटलं, पण इतकं हळू वर जायलं की वाऱ्यानं नाक वळवलं आणि ते सरळ ज्वारीत जाऊन पडलं. हिशोब केला तर कारण साफ आहे, ९ मिमी भोकातून ७० पीएसआयला सहा किलोच्या आसपास रेटा मिळतो, दीड किलोच्या गाड्याला तो पुरत नाही, पंखांना हवा लागायच्या आधीच ते कलतं. २२ मिमी तोंडातून तोच रेटा पाच-सहा पट होतो, पाणी क्षणात संपतं पण तेवढ्यात वेग आलेला असतो. म्हणून ठरलं, खाली मोठं किट, वर छोटं. वरच्याला आधीच वेग मिळालेला असतो, तिथं बारीक नोझल हळूहळू ढकलत राहिलं तर चालतं. उलटं केलं तर दोन्हीकडून मार.

१५ डिसेंबर

खालच्या बाटलीच्या बुडाला, जे आता वर येणार, भोक पाडून पाव इंची पितळी निपल, म्हणजे आटे असलेला आखूड पाइप, बसवायचं काम. बुडाच्या मधोमध प्लास्टिक जाड असतं तिथंच भोक पाडायचं. ड्रिल मशीननं नको, गरम होऊन भोक वाकडं होतं. हातानं रीमर फिरवत फिरवत केलं.

खरी कसरत आतल्या बाजूनं आहे. निपल बाहेरून घातलं तरी आतला चेकनट बाटलीच्या तोंडातूनच न्यावा लागतो, तोंड पावणेबावीस मिमी, नट कसाबसा जातो, आणि मग तो दीड वीत आत धरायचा कसा? बांबूच्या कामटीच्या टोकाला नट डबल टेपनं चिकटवला, खाली रबरी वायसर त्यावरच ठेवलं, कामटी आत घातली, आणि पुतण्यानं बाहेरून निपल फिरवलं. आटा लागला की कळतं, कामटी हातात फिरायला लागते. दोनतीनदा वायसर सटकून आत पडलं. ज्यांना करायचंय त्यांनी वायसर नटाला आधी फेव्हिबॉन्डनं चिकटवून वाळू द्या, संध्याकाळ वाचेल.

गच्च पाणी भरून टेस्ट. ४० ला वायसरखालून थेंब यायले. बुडाची आतली बाजू सपाट नाही, त्याला बारीक उंचवटा असतो, पातळ वायसर तिथं बसत नाही. सायकलच्या जाड ट्यूबचे दोन थर कापून घातले, मग १०० पर्यंत कोरडं राहिलं. इथं हॉट ग्लू अजिबात वापरू नका, सत्तर-पंच्याहत्तर अंशाला हे प्लास्टिक मऊ पडतं आणि आकसतं. एक चांगली बाटली अशीच गेली.

१७ डिसेंबर, रात्री

मधला व्हॉल्व्ह. खालच्या बाटलीतून हवा वर जायला पाहिजे, पण खालचं प्रेशर संपल्यावर वरची हवा आणि पाणी खाली यायला नको. दुकानातला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, मोठा आणि जड. मत्स्यटाकीचा छोटा व्हॉल्व्ह २० रुपयांत मिळाला, तो ४५ पीएसआयला मधोमध उकलला.

२० डिसेंबर

उत्तर सायकल दुकानातल्या चाचांकडं होतं. त्यांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, "अरे, वालट्यूब कामून घालत नाहीस? पन्नास वर्षं झाली, त्याच्यावरच गाव फिरायलंय."

बरोबर होतं. जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हची पिन असते, तिच्या कडेला बारीक भोक आणि त्यावर चढवलेली रबरी नळी. आतून हवा आली की रबर फुगून वाट देतं, बाहेरून दाब आला की रबर भोकावर चिकटून बसतं. वजन जवळजवळ काहीच नाही. पिन निपलच्या वरच्या टोकाला एम-सीलनं उभी बसवली, ती वरच्या बाटलीच्या ९ मिमी नोझलमधून आत डोकावते. वरचा टप्पा सुटला की पिन खालच्याबरोबरच राहते. वरच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर उभं ठेवलं, सकाळी खाली थेंब नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वालट्यूब ताजी घ्या, जुनी पडून राहिलेली असली तर चिरते. आणि हवा हळू भरा, वरच्या बाटलीतलं प्रेशर खालच्यापेक्षा थोडं मागंच राहतं, भरून झाल्यावर मिनिटभर थांबा.

२५ डिसेंबर

आता सोडायचं यंत्र. वरच्या बाटलीचं नोझल जे धरून ठेवतं त्या क्विक कनेक्टरची कॉलर मागं ओढली की आतले दात मोकळे होतात, पाणी मारायच्या पाइपला जे आपण हातानं करतो तेच. इथं ते रबरानं करायचं. ट्यूबच्या दोन पट्ट्या कॉलरला बांधून खाली ताणल्या, त्या सतत कॉलर उघडायला बघतात. त्यांच्या विरुद्ध ५ मिलीचं इंजेक्शनचं सिरिंज उभं केलं, त्याचा दांडा कॉलरला वर दाबून बंद ठेवतो, आणि सिरिंजला हवा मिळते खालच्या बाटलीतून. म्हणजे खालच्या बाटलीत प्रेशर आहे तोपर्यंत कुलूप बंद, प्रेशर पडलं की रबर जिंकतं आणि कॉलर उघडते. ७० पीएसआयला सिरिंजचा रेटा सहा किलोच्या आसपास येतो, रबराची ओढ तीन किलोच्या जवळ ठेवली, काट्यावर ओढून बघितली. त्यामुळं प्रेशर साधारण निम्म्यावर आलं की सुटतं, आणि तिसरा हिस्सा पाणी असलेल्या बाटलीत पाणी संपता संपता प्रेशर तेवढंच उरतं. हा मेळ बसला याचा मला खरंच आनंद झाला.

भरायला सुरुवात करताना प्रेशर शून्य असतं, तेव्हा रबर कॉलर उघडूनच ठेवणार, म्हणून कॉलरखाली एक खिळा अडकवायचा आणि त्याला लाल कापड बांधायचं. ५० च्या वर गेलं की लांबून दोरीनं खिळा ओढायचा.

सिरिंजला हवा न्यायला दुकानातली ४ मिमी मायक्रोट्यूब लावली, ती ५५ ला पिन कनेक्टरवरून निसटली. ड्रिपचं सामान एक-दोन किलोवर चालायला बनवलेलं असतं, ते पाच किलोला धरत नाही, हे रोज गिऱ्हाइकाला आपणच सांगत असतो. कॉम्प्रेसरचा ४ मिमी पीयू पाइप आणि पुश फिटिंग आणलं, १५० रुपये, मग गळती बंद.

२९ डिसेंबर

जमिनीवरची टेस्ट. खालची बाटली लोखंडी खांबाला पट्ट्यानं आवळून बांधली, वर दुसरा टप्पा थोडं पाणी घालून, प्रेशर फक्त ४५, आणि रबराची ओढ पण त्या हिशोबानं कमी केलेली. खालची हवा कॉकनं सोडली. कॉलर अर्धी सरकली अन् अडकली. परत केलं, परत तेच. सिरिंज उघडून बघितलं तर आतलं रबर फुगून घट्ट झालेलं, दांडा हातानंसुद्धा सरकेना. सरकायला सोपं जावं म्हणून आधी त्यात शिलाई मशीनचं तेल घातलं होतं, त्या तेलानं रबर फुगतं.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. आज काम नाही. सगळा तालुका रानात, जिकडं बघावं तिकडं कडब्याची कोप, पूजा, भज्जी अन् आंबील. बांधाबांधावर माणसं असताना उडवायचा प्रश्नच नव्हता. आमच्या रानात आलेल्या पाहुण्यांना पुतण्यानं नुसतं यंत्र दाखवलं. एका आजीनं विचारलं, "पानी वर जाऊन काय करतंय रं?" त्यानं सांगितलं, "आजी, पाणी वर जात नाही, पाणी जोरात खाली फेकलं जातं म्हणून बाटली वर जाते." मला वाटतं त्याला आता कळलंय.

५ जानेवारी २०२५

नवीन सिरिंज, तेल नाही, फक्त सिलिकॉन ग्रीसचा हात. कनेक्टरच्या दातांना पण तेच लावलं, कारण वरच्या बाटलीच्या प्रेशरनं नोझल त्या दातांना आठ-नऊ किलोच्या जोरानं ओढत असतं आणि तिथंच कॉलर घासते. आधी ४५ ला, मग ६० ला. खांबावरून वरचा टप्पा प्रत्येक वेळी साफ सुटला. सुटायचा आवाज एकदम वेगळा आहे, आधी खालचा भस्सकन, आणि त्याच्या पाठोपाठ वरचा बारीक शिट्टीसारखा.

ही खांबावरची टेस्ट कुणी टाळू नका. हवेत न सुटलं तर कारण कधीच कळत नाही, आणि पाणी भरलेला जड दांडा खाली येतो.

१२ जानेवारी

पहिलं खरं उड्डाण, ६० पीएसआय. भरायला दोन माणसं लागतातच. वरची बाटली उलटी धरून पाणी, त्यावर खालची उलटी बसवायची, कॉलर, खिळा, मग खालच्यात पाणी, त्यात लाँचरचा पाइप, आणि मग सगळंच एका दमात सुलटं करायचं. २० मीटर दोरी, डोळ्याला चष्मा.

खालचा टप्पा झकास. वरचा वेळेवर सुटला. आणि सुटल्याबरोबर गिरकी घेऊन आडवा गेला, शेजारच्या हरभऱ्यात. मोबाइलवर स्लो मोशन बघितलं, जोडाचा काही दोष नाही. अख्खं रॉकेट स्थिर होतं कारण खालचे पंख मोठे होते, पण वरचा टप्पा एकटा पडला की त्याच्याकडं फक्त किटचे फोमचे छोटे पंख, आणि तेही त्या वेगाला वाकले. घरी येऊन दोरीची टेस्ट केली, म्हणजे तोल येतो तिथं दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढं ठेवून फिरलं तर ठीक, वरचा टप्पा शेपूट पुढं करून फिरायला. दोन टप्प्यांत तोल दोनदा बघावा लागतो, अख्ख्याचा आणि एकट्या वरच्याचा, आणि वरच्याचा पाणी संपलेल्या अवस्थेत पण बघायचा.

१९ जानेवारी

वरच्याला नवीन पंख सनपॅक शीटचे, म्हणजे आत पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचे, फ्लेक्सवाल्याकडून तुकडा ६० रुपयांत. त्याच्या नळ्या पंखाच्या लांबीत, म्हणजे बाटलीपासून बाहेरच्या बाजूला येतील अशा ठेवल्या की वाकत नाही. सनपॅकवर कुठलाच गोंद टिकत नाही, म्हणून पंखाच्या कडा दुमडून दुसऱ्या रिकाम्या बाटलीच्या कापलेल्या गोल पट्टीला पॉप रिव्हेट मारले, आणि ती पट्टी बाटलीवर टेपनं चढवली. असा फायदा की बाटली बदलली तरी पंख तेच. नाकात ओली माती भरून २५ ग्रॅम वाढवले. दोरीवर आता नाक पुढंच राहतं.

वरच्या टप्प्यातला पॅराशूटचा टायमर रॉकेट जमिनीवरून सुटताना सुरू होतो, आधी एका टप्प्याच्या हिशोबानं लावला होता, म्हणजे पॅराशूट वर चढता चढताच उघडलं असतं. अख्ख्या उड्डाणाला वर पोचायला चार सेकंदांच्या आसपास लागतात असा हिशोब येतो, त्यामुळं साडेचारवर ठेवलाय.

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन झालं आणि तसंच रानात. वारा थोडा होता, पण दहाच्या आत उरकायचं ठरलेलं. ७० पीएसआय.

गेलं! खालचं सुटलं, क्षणभर काहीच नाही असं वाटलं, आणि वरून पाण्याची पांढरी रेघ ओढत वरचा टप्पा सरळ निघाला. कोन ६० अंश, म्हणजे जवळपास ८८ मीटर. पॅराशूट उघडलं, दोन वावरं ओलांडून उतरलं, बाटली जशीच्या तशी. आधी एकट्या मोठ्या किटनं याच प्रेशरला ४८ अंश दिले होते, म्हणजे ५७ मीटर. पुतण्या मातीत पळत सुटला, मी पण.

दुसऱ्यांदा उडवलं तेव्हा ५८ अंश. म्हणजे नशिबानं आलेला आकडा नाही.

खालचा टप्पा मात्र पितळेच्या वजनानं तोंडघशी पडतो, सिरिंजचा दांडा मोडला. १० रुपयांचं काम, पण सुटं सिरिंज खिशात ठेवा.

२ फेब्रुवारी

खर्च: दोन किट ३५५०, पितळी निपल, टी आणि चेकनट २४०, जास्तीचं क्विक कनेक्टर १२०, पीयू पाइप आणि फिटिंग १५०, सनपॅक ६०, सिरिंज, वालट्यूब, ग्रीस, बिघडलेलं सामान धरून सगळं ४४०० च्या पुढं. सगळ्यात जास्त वेळ निपल आणि सिरिंजनं खाल्ला. परत करायचं झालं तर छोटं किट घेणारच नाही, त्यातलं नोझल आणि कनेक्टर हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं, १४५० मधले निम्म्याहून जास्त वाचतात. मोठं किट मात्र घ्यावं, केबल टायचं लाँचर नीट बनवायला वेळ जातो.

एका उड्डाणाला लिटरभराच्या वर पाणी जातं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं २०१६ साल आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलं नाही, त्यामुळं शाळेत दाखवताना आदल्या दिवशीचं बाटल्या तपासलेलं पाणीच वापरायचं असं सरांशी बोलून ठेवलंय.

पुतण्या तक्ता करायलाय, त्यात वर लिहिलंय की २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट नायके-अपाची, ते पण दोन टप्प्यांचंच होतं. खाली आमच्या जोडाचं उभं कापलेलं चित्र.

२८ तारखेसाठी ठरलेलं: मैदानात पोरं असणार म्हणून ६० च्या वर जायचं नाही, दोरी ३० मीटर, खिळा ओढायचं काम फक्त माझं. खालच्या टप्प्याला लाल साडीच्या काठाची दोन मीटर पट्टी बांधायची, म्हणजे पडायचा वेग कमी होईल आणि सिरिंज वाचेल. ती पट्टी पंखात अडकत नाही ना, हे येत्या रविवारी बघायचंय.